जोडावरचे दुखणे

भिंगारला किंवा नगरच्या जुन्या पेठांमध्ये घराचा पाया खणताना कधी कधी भाजलेल्या मातीचा नळ लागतो. चुन्यात घट्ट बसवलेला, खापराच्या रंगाचा. लोक त्याला खापरी नळ म्हणतात. घरमालक कपाळाला हात लावतो, मजूर दोन घटका कुतूहलाने बघतात आणि मग कुदळ चालते. मला तो नळ दिसला की तिथून पाय निघत नाही. सत्तावीस वर्षे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला काढल्यावर माणसाची नजर तशीच होते. इमारतीची कमान, नक्षी सगळे जग बघते, आपण मात्र पाणी कुठून आले आणि कुठे गेले हे शोधत बसतो.

नगर हे शहर मलिक अहमद निजामशहाने १४९० साली सीनेच्या काठी वसवले. कागदावर आता अहिल्यानगर झाले आहे, पण बोलताना जिभेवर नगरच येते, म्हणून इथेही नगरच लिहितो. हा मुलूख पर्जन्यछायेतला. सीनेच्या भरवशावर उन्हाळा काढता येत नाही. तेव्हा त्या लोकांनी शहराबाहेरच्या उंचावरचे, कापूरवाडी-वडगावकडचे पाणी जमिनीखालून खापरी नळांनी शहरात आणले. फराहबागेचा महाल तर चक्क तलावाच्या मध्यभागी उभा केला. १५८३ च्या सुमारास तो पुरा झाला. सलाबतखान हा त्या काळचा वजीर, ज्याच्या कबरीला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो आणि सुटीच्या दिवशी डबा घेऊन वर जातो, त्याचे नाव या बांधकामाशी जोडलेले आहे. पंप नाही, मोटार नाही. सगळा कारभार उताराचा.

पण नुसता उतार दिला म्हणजे पाणी येतेच असे नाही. जमीन खाली-वर होते, तसा नळही खाली-वर होतो. जिथे नळ उंच होतो तिथे हवा अडकते, आणि अडकलेली हवा पाण्याला दगडासारखी अडवते. जिथे नळ खोल जातो तिथे गाळ बसतो. म्हणून अशा नळांवर ठरावीक अंतराने वर उघडणाऱ्या जागा बांधत. पुण्याला कात्रजच्या नळावर पेशव्यांनी अशाच जागा बांधल्या, त्यांना उच्छ्वास म्हणतात. नाव किती नेमके आहे पाहा. नळ तिथे श्वास सोडतो. हवा वर निघून जाते, पाण्याचा जोर मोडतो, गाळ तळाशी बसतो आणि मुख्य म्हणजे माणसाला आत डोकावता येते. मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जी नहर आणली तीही याच घराण्यातली. तो आमच्याच निजामशाहीचा वजीर. आपल्याकडे मलिक अंबरच्या तलवारीवर भाषणे पुष्कळ होतात. त्याच्या नहरीवर व्हायला हवीत तेवढी होत नाहीत, अशी माझी जुनी तक्रार आहे.

असा नळ बंद पाडायचा असेल तर तो फोडावा लागत नाही. दोन-तीन उच्छ्वास बुजवले की पुरे. एकाने अंगण वाढवले, दुसऱ्याने कचरा टाकला, तिसऱ्याने फरशी घातली. नळ शाबूत, झरा शाबूत, आणि हौदात पाणी नाही.

कारखान्यात याचा नातेवाईक मला भेटला होता. आमच्या शेडमध्ये मशीनचे जॉब पकडायचे क्लॅम्प हवेच्या दाबावर चालायचे. रोज दुपारी तीनच्या आसपास हवा कमी पडून दोन मशीन बंद पडत. प्रॉडक्शनवाले म्हणत, मेंटेनन्स झोपलेय. आम्ही कंप्रेसर रूममध्ये जाऊन मीटर बघायचो, तर काटा सातवर, जिथे असायला हवा तिथेच. आम्ही म्हणायचो, हवा पूर्ण आहे, मशीन तपासा. दोघेही खरे बोलत होते. मॅनेजमेंटने मोठ्या कंप्रेसरचे कोटेशन मागवले. मग झाडू मारणाऱ्या एका मावशींनी सहज सांगितले, "अहो, तीन वाजता पलीकडच्या शेडमधली पोरं शिफ्ट सुटताना हवेच्या पाइपाने कपडे झटकतात, पंधरा-वीस जण एकदम." मीटर होता लाइनच्या एका टोकाला, मशीन दुसऱ्या टोकाला, आणि भोक मधे. मधल्या जागेत रोज जाणारी एकच व्यक्ती होती आणि तिला कोणत्याही मीटिंगला बोलवत नसत. पोरांसाठी वेगळी छोटी लाइन टाकली, काम भागले. मोठा कंप्रेसर मात्र आलाच, कारण त्याची फाइल पुढे गेली होती.

हे सगळे मला परत आठवले ते २०२२ च्या रमजानमध्ये.

त्या वर्षी पहिला रोजा ३ एप्रिलला आला. नगरचा एप्रिल कसा असतो हे नगरकरांना सांगायला नको. अम्मी अडुसष्ट वर्षांची. साखर पंधरा वर्षांपासून, बीपी त्याच्या मागोमाग. साखरेच्या डॉक्टरांनी बीपीसाठी गोळी दिलेली होती. वर्षभरापूर्वी पायाला सूज आली म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची गोळी चालू केली. गुडघे दुखतात म्हणून हाडाच्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली, पाच दिवसांची. ती अम्मीला मानवली. पाच दिवसांनंतर ती शेजारच्या पोराला पाठवून मेडिकलमधून तीच स्ट्रिप आणत राहिली. तरावीहला उभे राहायचे तर गुडघे हवेत ना. रोजे ठेवू नका असे साखरेच्या डॉक्टरांनी सांगितले होते. आजारी माणसाला दीनमध्ये सूट आहे हे तिला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. तिचे उत्तर ठरलेले, "इत्ते साल रखी, अबीच क्या हुआ?"

बाराव्या रोजाला तिला उठवेना. उलट्या सुरू झाल्या. बहिणीने विचारले तेव्हा कळले की दोन दिवस लघवी नावालाच झाली होती. रात्री दवाखान्यात नेले. क्रिएटिनिन, जे तिचे महिन्या-दोन महिन्यांपूर्वी १.२ होते, ते ४.१ आले. किडनीचा शब्द निघाला, मागोमाग डायलिसिसचा. घरात जे होते ते झाले. बहीण मुसल्ल्यावर बसली ती उठेचना. भाऊ पुण्याहून निघाला.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होत्या, अजून शिकत असाव्यात. त्यांनी मला सांगितले, "काका, फाइली राहू द्या. घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. डब्यातल्या, पिशवीतल्या, उशाखालच्यासुद्धा." मी आणल्या. त्यांनी टेबलावर पिशवी उलटी केली, स्ट्रिपा बाजूला काढत गेल्या आणि तीन स्ट्रिपा एका ओळीत ठेवून म्हणाल्या, "हे आहे."

मी विचारले, कसे? मग त्यांनी कागदावर जे काढले ते मी आजवर पाकिटात ठेवले आहे.

किडनीत बारीक बारीक गाळण्या असतात, एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. त्या गुंत्यात रक्त आणणारी एक नळी, नेणारी दुसरी. रक्त दाबाने गाळले जाते. दिवसाला सुमारे १८० लिटर गाळले जाते आणि त्यातले जवळजवळ सगळे शरीर परत घेते. लघवी म्हणून बाहेर पडते ते दीड-दोन लिटर. हा गाळण्याचा दाब सांभाळायला शरीर दोन तोट्या वापरते. येणारी नळी रुंद ठेवायची, जाणारी नळी थोडी आवळायची. बाहेर रक्तदाब कमी-जास्त झाला, माणूस दिवसभर उपाशी-तहानलेला राहिला, तरी या दोन तोट्या फिरवून शरीर आतला दाब राखते.

आता तीन गोळ्या. दुखण्याची गोळी सूज आणणारी रसायने थांबवते, पण त्याच रसायनांच्या कुटुंबातली काही येणारी नळी रुंद ठेवत असतात. ती थांबली की येणारी तोटी आवळते. अम्मीची बीपीची गोळी ज्या जातीची होती ती जाणारी नळी सैल करते. साखरेच्या पेशंटला ती मुद्दाम देतात, कारण एरवी गाळण्यांवरचा जादा दाब उतरून किडनी जास्त दिवस टिकते. लघवीची गोळी शरीरातले एकूण पाणीच कमी करते. टाकी रिकामी, येणारी तोटी बंद, जाणारी सताड उघडी. त्यात चाळीस अंशांच्या उन्हात पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. गाळणीत दाब उरणार कुठून?

मी आयुष्यभर पंपाच्या सक्शनला आणि डिलिव्हरीला हात घातलेला माणूस. त्या कागदाकडे बघून मला रडायला यायच्या ऐवजी कौतुकच वाटले, खरे सांगतो. असे डिझाइन, आणि बिघाडसुद्धा किती सरळ.

दुखण्याची गोळी कायमची गेली. बाकीच्या दोन काही दिवस थांबवल्या, सलाइन हिशेबाने दिले, लघवी मापून लिहिली. तिसऱ्या दिवशी आकडा उतरू लागला. डायलिसिस लागले नाही. नऊ दिवसांनी घरी आणले तेव्हा १.४ होता. बीपीची गोळी पुढे डॉक्टरांनीच परत सुरू केली. हे मुद्दाम लिहितो, कारण हे वाचून कोणी आपल्या मनाने बीपीची गोळी सोडू नये. घात एका गोळीने झाला नव्हता. तिन्ही एकत्र आल्या आणि पाणी आटले, तेव्हा झाला.

भावाने चिडून विचारले, चूक कोणाची? मलाही उत्तर सापडेना. साखरेच्या डॉक्टरांची गोळी बरोबर. हृदयाच्या डॉक्टरांची बरोबर. हाडाच्या डॉक्टरांनी पाचच दिवसांची लिहिली होती. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिली हे वाईट, पण कोणत्या मेडिकलमध्ये देत नाहीत? तीन ओपीडी, तीन केसपेपर, तीन रंगांच्या फाइली. प्रत्येक फाइलमध्ये अम्मीचा एकेक तुकडा. पूर्ण अम्मी फक्त त्या प्लास्टिकच्या पिशवीत होती. ती पिशवी उलटी करण्याचे काम त्या इमारतीत कोणाच्या नावावर नव्हते. त्या मुलीने ते केले ही तिची मेहेरबानी. व्यवस्था मेहेरबानीवर चालत असेल तर ज्या रात्री तिची ड्यूटी नाही त्या रात्री काय?

आमच्याच जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी करून दाखवले आहे, आणि आपण ते विसरलो आहोत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. दोघे वेल्लोरला शिकलेले. आधी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलेले. तिथे त्यांना दिसले की तीच माणसे त्याच रोगांनी परत परत येतात. बरे करून पाठवायचे आणि वाट बघायची. जामखेडच्या गावांत तेव्हा हजार जन्मांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. त्यातली किती तरी जुलाबाने. जुलाबाला औषध असते, पण जुलाब पाण्यातून येतो. पाणी विहिरीतून येते. आणि विहिरीवर कोण जाऊ शकते हे जातीवर ठरते. म्हणजे पोराच्या पोटाचे दुखणे शोधत गेलो तर आपण गावकुसाबाहेर जाऊन पोचतो. कोणत्याही ओपीडीत हा केसपेपर निघत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ पडला. लोक म्हणाले, दवाखाना राहू द्या, पाणी द्या. आरोळ्यांनी कूपनलिका घ्यायला मदत केली. पण पाणी पाहणाऱ्याला आधीच सांगून ठेवले की जागा दलित वस्तीतच दाखवायची. हातपंप तिथे बसले. आता सवर्ण बाईला घागर घेऊन तिकडे जावे लागले. भाषण नाही, मोर्चा नाही. तोटी कुठे बसवायची एवढाच निर्णय. मेंटेनन्सचा माणूस म्हणून मी या निर्णयाला सलाम करतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या, ते काही जमले नाही. मग गावानेच गावातली एक बाई निवडायची असे ठरले. बहुतेक जणी निरक्षर, कितीतरी दलित, काही टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, शिकत आणि परत जात. बाळंतपण, साखर-मिठाचे पाणी, पोराचे वजन, पुढे रक्तदाबसुद्धा. डॉक्टरला जे कधीच कळत नाही ते त्यांना आपोआप कळायचे. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाचा नवरा पितो, कोणती सून सहाव्या महिन्यातही डोक्यावर हंडा वाहते. सगळे तुकडे जिथे जुळतात त्या जागी एक माणूस बसवला, आणि ते त्याच्या नावावर केले. नव्वदीच्या दशकापर्यंत तो १७६ चा आकडा चाळिसाच्याही खाली आला. १९७९ साली आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. नगर शहरातल्या आपल्या किती डॉक्टरांनी तिथे एक दिवस घालवला असेल, मला शंका आहे.

हिवरे बाजारचे नाव मात्र सगळ्यांना माहीत असते. तिथे एकच मुस्लीम कुटुंब आणि गावाने त्यांच्यासाठी मशीद बांधली, ही गोष्ट आपल्या लोकांत फार फिरते. फिरावी, चांगलीच आहे. पण मला त्या गावातले पर्जन्यमापक जास्त आवडते. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने डोंगरावर चर खणले, झाडे राखली, हे सगळीकडे छापून येते. मला वाटते खरी मेख पुढे आहे. पाऊस किती पडला ते मोजायचे, विहिरींची पातळी बघायची, ग्रामसभेत हिशेब मांडायचा आणि त्यावरून यंदा कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. आमच्या जिल्ह्यात उसाला नको म्हणणे म्हणजे काय, हे साखर कारखान्यांच्या मुलखात राहणाऱ्यालाच कळेल. बाकी गावांत काय होते? प्रत्येक शेतकरी आपल्या जागी बरोबर असतो. शेजाऱ्याने दोनशे फूट घेतले, मी तीनशे घेतो. माझे पीक वाचते. सगळ्यांनी मिळून खालचे पाणी संपवले आहे, हे एकट्याच्या बोअरमधून दिसत नाही. ते दिसायला गावाच्या मधोमध एक फळा लागतो आणि तो दरवर्षी लिहिणारा हात लागतो.

अम्मी आता बरी आहे. रोज्यांचा फिदिया देते आणि कुरकुरते. तिच्या कपाटाच्या दाराला मी एक कागद चिकटवला आहे. गोळीचे कंपनीचे नाव, आतल्या औषधाचे नाव, कोणत्या डॉक्टरांनी दिली, कशासाठी, कधीपर्यंत. पाच रकाने. डॉक्टर कोणताही असो, कागद बरोबर जातो. हाडाच्या डॉक्टरांनी तो दोन मिनिटे वाचला आणि गुडघ्यासाठी फक्त लावायचे मलम आणि व्यायाम लिहून दिला.

हे मोहल्ल्यात कळले तसे जुम्याच्या नमाजनंतर लोक पिशव्या आणू लागले. मी डॉक्टर नाही, कोणाची गोळी बंद-चालू करत नाही. फक्त रकाने भरतो आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा म्हणतो. आतल्या औषधाचे नाव स्ट्रिपच्या मागे इतक्या बारीक अक्षरात असते की भिंग विकत घ्यावे लागले. मागच्या जुम्याला सत्तरीचे एक चाचा नऊ स्ट्रिपा घेऊन आले. लिहिता लिहिता चौथ्या आणि सातव्या ओळीत तिसऱ्या रकान्याआधीच हात थांबला. कंपन्या दोन, रंग दोन, डॉक्टर दोन. औषध एकच, बीपीचे. चाचा म्हणाले, "तभीच बोलूं, उठते वक्त चक्कर कायकू आती." मी दोन्ही ओळींखाली लाल रेघ मारली आणि त्यांच्या नातवाला सांगितले, उद्याची वाट बघू नकोस, आजच संध्याकाळी डॉक्टरांकडे घेऊन जा.